दुखणं मास्तरांचं, विचारपूस माझी

"मिस्टरांना बाहेरच बसू द्या, तुम्ही आत या," असं म्हणून सिस्टरनं माझ्या दंडाला धरलं आणि मला पडद्याआड नेलं.

मी गेले. दवाखान्यात माणूस बोलावतील तिकडे जातो. शिवाय बाकावर बसलेले आमचे मास्तर फरशीकडे असे टक लावून बघत होते, जणू ती फरशी कुणीतरी त्यांच्याकडे शिवायला टाकली होती. सिस्टरनं माझ्या हातात पाठीमागे नाड्या असलेला एक हिरवा झगा दिला आणि कमरेच्या वरचं सगळं काढायला सांगितलं. मी पदराची पिन काढली. ब्लाउजचं पहिलं हूक सुटलं तेव्हा कुठं मला भान आलं.

"सिस्टर," मी म्हटलं, "गाठ माझ्यात नाही. बाहेर बसलेत त्यांच्यात आहे."

सिस्टरनं पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. बाहेरच्या माणसाला चांगल्या जाडजूड मिशा होत्या. तिनं हातातला कागद पुन्हा वाचला. श्रीरंग पोरे. तिला वाटलं होतं, बाईनं नवऱ्याच्या नावावर नंबर लावलाय. पुरुषांनाही होतं का हे, मी विचारलं. होतं की, ती म्हणाली, शंभर बायकांमागं एखाद्या पुरुषाला. छाती काय फक्त बायकांनाच असते का. मग तिनं माझं हूक लावून दिलं आणि मी बाहेर येऊन मास्तरांना आत पाठवलं.

उठता उठता त्यांनी हळूच विचारलं, "आत बायका आहेत का?"

तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न.

पलूसला आमचं दुकान आहे, श्रीरंग लेडीज टेलर. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही मास्तरच म्हणते. त्यांनी कधी कुणा बाईच्या अंगाला टेप लावला नाही. बाईनं मापाचा जुना ब्लाउज आणून टाकायचा, मास्तर तो टेबलावर पसरणार, दोन बोटं फिरवणार आणि विचारणार, "काखेत काचतोय का?" बाई हो म्हणायची. बाईच्या तब्येतीत काय फरक पडला ते तिच्या नवऱ्याआधी मास्तरांना कळायचं, पण तोंडातून चकार शब्द नाही. सासू एक मागत असेल आणि सून एक, तर दोघींचं दोघींना न कळता शिवून द्यायचे.

अशा माणसाच्या छातीत गाठ आली. ती मला सापडली ती कपडे धुताना. बनियन जड लागला म्हणून उलटा केला, तर डाव्या बाजूला आतून अस्तर शिवलेलं. बारीक टाके, सुबक गोल. बनियनला अस्तर लावणारा शिंपी मी तरी दुसरा पाहिलेला नाही. अस्तर उसवलं तर खाली रक्ताचा डाग. किती महिने हे चाललं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी अस्तरं मोजायला गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मिरजेची एसटी पकडली.

तपासण्या झाल्या, जे निघायचं ते निघालं. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. ऑपरेशन करू, मग तीन-तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध देऊ. पण सगळे डोस घ्यायचे, मध्येच सोडलं तर केलं ते पाण्यात, असं त्यांनी दोन वेळा बजावलं. मास्तर मान हलवत राहिले. परतीच्या एसटीत मात्र खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "गावात एकाला जरी कळलं, तरी मी पुन्हा मिरजेत पाऊल टाकणार नाही. घरात पडून मरेन."

कळलं तर काय होईल, मी विचारलं.

"म्हणतील, बायकांची मापं घेता घेता रोग पण बायकांचा घेतला."

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, पदर तोंडात कोंबला तरी आलं. वाक्य चांगलंच होतं आणि गावानं ते नक्की म्हटलं असतं. पण हसता हसता बघितलं तर मास्तरांची बोटं शर्टाच्या वरच्या बटणावर होती, ते बटण नीट लागलंय का ते पुन्हा पुन्हा चाचपत होती. हा माणूस म्हणतो तसं करेल, एवढं तेव्हा मला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलका सुर्वे दारात. महिला मंडळाची अध्यक्ष आणि आमची समोरची शेजारीण. तिची मामी मिरजेला त्याच दवाखान्यात होती आणि तिनं आम्हा दोघांना बाकावर बसलेलं बघितलं होतं. कुठल्या खोलीबाहेरच्या बाकावर, तेही बघितलं होतं. अलकाच्या नजरेतून सुटत नाही, देवानं तिला डोळे त्याच कामासाठी दिलेत. ती आत आली, पडद्याकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "कुणाला गं, माला?"

पडद्यापलीकडं मास्तर कापड कापत होते. कात्री थांबली.

"मला," मी म्हटलं.

कात्री पुन्हा चालू झाली.

अलकानं मला मिठी मारली. जेवायच्या आत सगळ्या गल्लीला कळलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या घरी इतकी सफरचंदं जमली की फळवाल्यानं येऊन चौकशी करावी. जेवताना मास्तरांनी स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवली. आमच्यात याला भाषण म्हणतात.

ऑपरेशनसाठी दोघंही मिरजेला जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा एक बाजू सपाट झालेले मास्तर ढगळ शर्ट घालून मशीनवर बसले आणि मी, अंगाला ओरखडाही नसलेली, खाटेवर पडले. पडून राहणं इतकं अवघड असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बायका येत, डोळ्यांत पाणी आणत आणि माझ्या छातीकडं न बघण्याचा प्रयत्न करत माझ्या छातीकडंच बघत. ती तर दोन्हीकडून जशीच्या तशी. पदर तरी किती गुंडाळणार? शेवटी मास्तरांनीच उपाय काढला. मला खास दोन ब्लाउज शिवले. डावीकडचा, उभार देणारा टक्स काढून टाकला आणि आतून जाड कापडाची पट्टी घातली, आवळून बांधायची. तीस वर्षं गावातल्या बायकांना आकार देणारा माणूस सगळी कला पणाला लावून माझा आकार घालवत होता. फिटिंग इतकं बेमालूम झालं की अलका म्हणाली, "डॉक्टरांचा हात चांगला आहे हं, कळत पण नाही काही."

पडद्याआडून मास्तर खाकरले. आपल्या कामाचं श्रेय डॉक्टरला जातंय हे त्यांना सोसवत नसावं.

घोटाळे व्हायचेच. डावा हात उचलायचा नाही हे मी विसरायचे. एकदा डाव्याच हातानं पाण्याची भरलेली बादली उचलून दारात आले तर समोर तीन बायका. मी बादली तिथंच आपटली आणि कळ आल्यासारखा चेहरा केला. तिघींनी मिळून मला आत नेलं आणि माझी धुणीभांडी करून गेल्या. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला बरंच बरं वाटत होतं. डिंकाचे लाडू येत होते. कुणी गव्हांकुराचा रस आणायचं, कुणी गोमूत्र. गोमूत्र मी परसातल्या कढीपत्त्याला घालायचे. महिन्याभरात तो वाळला.

मग औषधाचे डोस सुरू झाले आणि गंमत संपली.

पहिल्या डोसानंतर मास्तरांचं तोंड आलं, भाताचं शीत टोचायला लागलं. दुकानात बाई बसलेली असली आणि पोटातून उसळलं की ते टेप गळ्यात तसाच घेऊन मोरीत जायचे. आवाज जायचा बाहेर. मग मी खाटेवरून उठून मोरीकडं पळायचे आणि थोड्या वेळानं तोंड पुसत परत यायचे. बाई म्हणायची, किती त्रास होतोय गं तुला, आणि मास्तर तर बघ, तुझ्याही आधी धावतात. आत मोरीत मी त्यांच्या कपाळाला हात लावून उभी असायचे. ते ओकायचे आणि मान वर करून खुणेनं विचारायचे, गेली का ती? कापड न्यायला आलीये, मी सांगायचे. मग ते चूळ भरून बाहेर जायचे आणि शांतपणे विचारायचे, "गळा गोल ठेवू की पान?"

केस गेले. मी डोक्यावरून पदर घट्ट घ्यायला लागले, माझे केस दिसू नयेत म्हणून. मास्तरांचं टक्कल मात्र कुठं लपणार? त्यांनी टोपी घातली. दुसऱ्याच दिवशी अलकानं ती टोपी, टोपीखालचं टक्कल आणि माझा पदर एका दृष्टिक्षेपात बघितलं आणि जागच्या जागी निकाल दिला. बायकोचे केस गेले म्हणून मास्तरांनी स्वतःचं डोकं भादरून घेतलं. गावात अशी गोष्ट झाली नव्हती. दुकानाच्या दारात उभ्या राहून बायका आपापल्या नवऱ्यांना मास्तर दाखवायला लागल्या. पुढं मिशा गेल्या, भुवया गेल्या. अलका म्हणाली, "भुवया सुद्धा काढल्या? बाई, बाई. प्रेम म्हणजे हे."

मास्तर मशीनवर वाकून सुईत दोरा ओवत राहिले. त्यांना ओवता येत नव्हता, बोटं बधिर झाली होती. मी जाऊन ओवून दिला आणि लगेच डावा हात धरून कण्हले.

अशात आमच्या अक्का आल्या. मास्तरांची मोठी बहीण, इंदुअक्का, कराडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ वाढवलं, सगळ्यांची लग्नं लावून मोकळ्या झाल्या. आईच्या मागं मास्तरांवर त्यांचाच वचक. भावजयीची सेवा करायला आले म्हणून ट्रंक घेऊनच आल्या. काम करायला वाघीण. पहाटे उठून माझ्यासाठी मऊभात आणि मेतकूट करायच्या, आणि राबणाऱ्या भावासाठी तांबडा रस्सा. काळजीनं वाळलाय म्हणून वर आणखी एक पळी तिखटाची तर्री. ताटं आली की मी म्हणायचे, मला माणसांसमोर जेवण जात नाही, दार लावून घेते. दार लावलं की आम्ही ताटं बदलायचो. मी घाम पुसत रस्सा ओरपायचे आणि मास्तर डोळे मिटून मऊभात गिळायचे. बाहेरून अक्का विचारायच्या, जातंय का गं, माले? जातंय, मी नाक ओढत म्हणायचे. रडतीया बिचारी, असं त्या बाहेर कुणाला तरी सांगायच्या.

अक्का वाईट नव्हत्या, हे मला नीट सांगायचं आहे. पण त्यांच्या जिभेला एक जुनी खोड होती. आम्हाला मूल नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती, ज्यांना बोलायचं होतं त्या बहुतेक बोलून थकल्या होत्या, सासूबाई तर वारल्याही होत्या. अक्का थकल्या नव्हत्या. आता त्यांना नवा धागा सापडला. भेटायला आलेल्या बाईला त्या माझ्यासमोरच समजावून सांगायच्या की लेकराला पाजलं नाही की असं होतं, दूध आत साकळतं आणि त्याची गाठ होते. बाई मान हलवायची. मीही हलवायचे. जी गाठ मला नव्हती, तिचं कारण मला मूल नाही हे होतं. इतका पक्का हिशेब मोडायला मन धजत नव्हतं.

संक्रांत आली. मंडळाच्या हळदीकुंकवाला अलका दर वर्षी काहीतरी नवं करते. त्या वर्षी तिनं ठरवलं, आदर्श पतीचा सत्कार. मास्तर नको म्हणाले. मंडपात माणसं मावणार नाहीत, बाहेर कर्णा लावलाय, असं अलका म्हणाली. मास्तरांचा उरलासुरला रंगही उडाला.

त्याच दिवशी सकाळी अक्कांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली. परवा मिरजेला त्याही येणार. भावजयीला सलाईन लागतं आणि आपण घरात बसून राहतो हे त्यांना पटत नव्हतं. तिथं माझ्या उशाशी बसणार, डोक्यावरून हात फिरवणार. मी म्हटलं, आत कुणाला सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, मला कोण अडवतंय बघू.

अक्का परसात गेल्या तशी मास्तर पडद्याआड आले. खूप थकलेले होते. "मग मी जात नाही," ते म्हणाले. "राहिले ते डोस राहू देत."

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते मी सांगितलं.

"अक्काच्या डोळ्यांसमोर मला तो झगा घालता येणार नाही, माला."

मी चिडले. इतके दिवस मी पट्ट्या आवळून फिरले ते काय हौसेनं, असं काहीतरी बोलले. आणखीही बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. मग दुकानात बाई आली आणि ते बाहेर गेले. त्या दिवशी दुपारी मी हळदीकुंकवाला निघाले ते सत्काराला नव्हे, मयतीला निघाल्यासारखी. आता या माणसाला परवा एसटीत कसं बसवायचं, एवढंच डोक्यात होतं.

मारुतीच्या देवळाशेजारचा मंडप बायकांनी गच्च भरलेला. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली एक नवी सून, कोपऱ्यात वाणाच्या चहाच्या गाळण्या रचून ठेवलेल्या. व्यासपीठावर तीन खुर्च्या. एकीत मास्तर, एकीत मी, मध्ये अलका. तिनं मास्तरांना शाल घातली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. मग ती म्हणाली की भावाबद्दल दोन शब्द अक्का सांगतील.

अक्कांना माईक कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं, पण त्यांना माईकची गरजही नव्हती. भाऊ लहान असताना किती गरीब होता ते सांगितलं. बाप गेल्यावर पंधराव्या वर्षी मशीनवर बसला ते सांगितलं. मग माझ्याकडं वळल्या.

"पंचवीस वर्सं झाली लग्नाला, पाळणा न्हाई हलला. मी म्हणलं दुसरी कर. न्हाई केली. जी छाती लेकराच्या तोंडाला लागली न्हाई, तिला कीड लागायचीच. तरी सोडली न्हाई त्यानं तिला. देवमाणूस हाय माझा भाऊ."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बाजूच्या बाईनं तिचा हात धरला. माझं म्हणाल तर मी गाळण्यांकडं बघत होते. प्लास्टिकच्या दांड्याच्या होत्या, चार दिवसांत तुटणाऱ्या. अशा वेळी कशाकडं तरी बघावं लागतं.

मास्तर उठले. मला वाटलं, मळमळलं असावं, म्हणून मीही अर्धी उठले. पण ते मोरी शोधत नव्हते. त्यांनी अक्कांच्या हातातून माईक घेतला. तो किंचाळला. तो गप्प होईपर्यंत ते थांबले.

"मला बोलता येत नाही," ते म्हणाले. "इथं बसलेल्या जवळजवळ प्रत्येकीचं माप मला तोंडपाठ आहे. एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. आज माझं सांगतो."

पुढच्या रांगेतल्या बायका सरसावून बसल्या.

"गाठ माझ्या छातीत आली होती. डावीकडं. ऑपरेशन माझं झालंय, औषध मला चालू आहे." त्यांनी टोपी काढली. "हे मी भादरलेलं नाही, गळलंय. हिला काही झालेलं नाही. ही ठणठणीत आहे. मला लाज वाटत होती म्हणून हिनं स्वतःचं नाव सांगितलं."

"रंगा," अक्का म्हणाल्या, "काय बरळतोस?"

"अजून आहे, अक्का." "पाळणा हलला नाही तोही माझ्यामुळंच. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, दोष माझ्यात आहे. तेव्हाही हिनं स्वतःचं नाव सांगितलं. मी गप्प बसलो. इतकी वर्षं गप्प बसलो."

हे खरं होतं. मी तेव्हा बावीसची होते. कोल्हापूरहून परत आलो तर सासूबाई उंबऱ्यात उभ्या. कुणात हाय, त्यांनी विचारलं. मास्तर पाय धूत होते, धूतच राहिले. तांब्यातलं पाणी संपलं तरी पाय धूत होते. आता यांच्या तोंडून ते निघणार नाही, आणि सासूबाई तशाही मलाच म्हणणार आहेत, एवढा हिशेब करून मी म्हटलं, माझ्यात. तेव्हा ते एका दिवसापुरतं वाटलं होतं. अलकानं विचारलं तेव्हा, दुसऱ्या वेळी, मला विचारही करावा लागला नाही. पाठ होतं.

मंडपात अलका आयुष्यात पहिल्यांदा बिनकामाची उभी होती. घातलेली शाल आता काढून घ्यायची की राहू द्यायची, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी पुढच्या रांगेतल्या हौसाबाई बोलल्या, ऐंशीच्या पुढच्या, कानानं कमी ऐकणाऱ्या, त्यामुळं मोठ्यानं.

"म्हंजी मास्तर, भुवया बी औषधानंच गेल्या व्हय? मी इतकं दीस माझ्या लेकाला शिव्या दिल्या की, ह्याच्याकडं बघून."

पहिल्यांदा मास्तरच हसले. मग मंडप हसला, आणि ते हसणं मास्तरांना घाबरायचं होतं तसलं नव्हतं. एक-दोघी हसता हसता रडल्या. नंतर जाताना तिघीचौघींनी मास्तरांना बाजूला घेऊन विचारलं, हात लावून कसं बघायचं, नवऱ्याचं पण बघायचं का. बघायचं, ते म्हणाले. अलकानं घाईघाईनं वाण वाटायला घेतलं. मला गाळणी देताना तिनं माझ्या डाव्या बाजूकडं बघितलं. "हे फिटिंग मास्तरांचं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "कमाल आहे," ती म्हणाली.

अक्का व्यासपीठावरून उतरून सगळ्यांत मागं जाऊन बसल्या होत्या. निघताना आमच्याजवळ आल्या. माझ्याकडं त्यांना बघवेना. भावालाच विचारलं, "परवा किती वाजता निघायचं मिरजेला?"

"सातच्या गाडीला."

"येते मी."

मास्तरांनी मान हलवली. हो अशी हलवली. मी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला, आणि सोडला तेव्हा ती छातीवरची पट्टी किती काचत होती ते कळलं. देवळामागं जाऊन मी ती सोडून पिशवीत टाकली.

घरी निघालो. अक्का बऱ्याच पुढं, एकट्या, पदर खांद्यावरून ओढून भराभरा चालल्या होत्या. त्या मला त्याबद्दल कधीच काही बोलल्या नाहीत, नंतरही नाही. त्या संध्याकाळी त्यांनी ताटं मात्र न विचारता बरोबर वाढली.

आम्ही मागून चाललो होतो. मास्तरांना धाप लागत होती म्हणून हळू. शाल त्यांच्या खांद्यावर, नारळ माझ्या पिशवीत. शेंगदाण्याच्या गिरणीपाशी आलो.

"तुला राग यायचा नाही का गं?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"आई बोलायची. अक्का बोलायची. इतकी वर्षं."

"यायचा की," मी म्हटलं. "पण तुमचं मशीन चालू असायचं. तुम्हाला कुठं ऐकू जायचं."

ते चालायचे थांबले. मला वाटलं, धाप लागली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ऐकू यायचं," ते म्हणाले. "आई बोलायला लागली की मी मशीन सुरू करायचो. नुसतंच. कापड न घालता."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "कापड नसलं की मशीनचा आवाज वेगळा येतो."